वाहवा मिळालेली बाटली

प्रिय दादा,

तीनदा चूळ भरली, लवंग चघळली, तरी तोंडातली ती चव जात नाही. शी! काल दुपारी मालकांच्या साठाव्या वाढदिवसाला आपल्या हॉटेलच्या तळघरातली ती चाळीस वर्षांची लाल वाइन उघडली. हो, तीच. गेल्या वर्षी तिच्याच रांगेतली एक बाटली चाखून तू सगळी रांग नासली असं मालकांच्या तोंडावर सांगितलंस आणि नोकरीला मुकलास.

वहिनीचा फोन आला होता. सोमवारी त्या नव्या हॉटेलात तुला वाइन चाखायच्या कामासाठी बोलावलंय आणि तू जात नाहीस म्हणे. जीभ मेली माझी, असं म्हणून बसतोस. भाजीत मीठ जास्त झालं तरी आधी तिलाच विचारतोस, खारट झालीय का गं. ती हसत सांगत होती, पण शेवटी रडली. वीस वर्षं ज्या जिभेवर घर चाललं तिच्यावरच तुझा भरवसा राहिला नाही, हे मला ऐकवेना.

तर काल. बूच काढायचं काम माझ्याकडे. अर्धं हातात आलं, अर्ध्याचा भुगा होऊन आत पडला. वास म्हणशील तर ओलं पोतं आणि आठवडाभर बादलीत कुजलेलं लादी पुसायचं फडकं. रंग विटक्या चहाचा. पहिला घोट नेहमीप्रमाणे मी घेतला. आधी नुसतं आंबट, मग जिभेला चरचर, आणि मागाहून घशाशी काहीतरी बुळबुळीत आलं. थुंकायची सोय नव्हती, पंचवीस पाहुणे बघत होते. गिळलं बाई!

मालकांनी घोट घेतला. त्यांचा एक डोळा बारीक झाला, गालफाड आखडलं, मी स्वतः पाहिलं. मग म्हणाले, वा! झालं, राजा बोले दळ हाले. डॉक्टरीणबाईंना त्यात पिकली जांभळं लागली. वकिलांना चंदन लागलं. मालकांच्या व्याह्यांनी तर दुसरा ग्लास मागून घेतला आणि खिडकीतल्या कुंडीत ओतला. त्या झाडाची मला दया आली. मालकांनी मला विचारलं, कशी आहे, आणि मी, तुझ्या हाताखाली शिकलेली तुझी बहीण, हसून म्हणाले, फार छान मुरलीय. वाइन नासकी होती ती होतीच, पण त्या टेबलाभोवतीच्या एकेका तोंडाची किळस आली, आणि सगळ्यांत जास्त माझ्या स्वतःच्या. मागच्या मोरीवर जाऊन भडाभडा ओकले.

दादा, किती दिवस हे मनात दाबून ठेवलंय. तुझी नोकरी गेली त्या दिवशी तळघरात तुझ्याच शिस्तीप्रमाणे आपण पाठीला पाठ लावून उभे राहिलो, घोट घेतला आणि एकमेकांना न सांगता आपापली चिठ्ठी लिहिली. माझ्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, सडली आहे. मालक माझ्या समोरच उभे होते. तळघर रंगवताना दीड महिना एसी बंद ठेवायचा हुकूम त्यांचाच, म्हणजे उकाड्यानं वाइन नासली तर दोष त्यांच्यावरच येणार. त्यांनी नुसतं माझ्या कागदाकडे पाहिलं आणि माझं धाबं दणाणलं. ती चिठ्ठी मी मुठीत चुरगाळली आणि दुसरीवर लिहिलं, उत्तम. तुझी माझ्याकडे पाठ, तुला काय दिसणार? तू मालकांना नासली म्हणून सांगून टाकलंस, मग माझी चिठ्ठी वाचून पुन्हा चाखलीस, मग पुन्हा, आणि चेहरा पडला तुझा. माझ्यावर शंकासुद्धा घेतली नाहीस रे, स्वतःवर घेतलीस. तुला पहिल्या घोटाला जे लागलं तेच मलाही लागलं होतं, अगदी तेच. मला शिव्या दे, घरात पाऊल ठेवू देऊ नकोस, पण सोमवारी जा. तिथं कुणी जुनं काही उकरून काढलं तर मला बोलाव. हे सगळं मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगेन.

तुझीच,
नकटी