बारीक धाग्याची जाळी

४ सप्टेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही दोघं मजेत असाल असं धरून चालते. आई बरी आहे. तिचं गुडघ्याचं रडगाणं चालू आहे, म्हणजे बाकी काही दुखत नाही. वहिनीला सांग, तिने विणून पाठवलेला स्वेटर मला घट्ट होतो, पण मी घालते.

फोन का नाही केला, असं वाटेल तुला. फोनवर तू 'बरं' म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला तसं करता येत नाही. आणि मला कामाचं विचारायचंय.

सहाशे काळे टी-शर्ट छापायला आलेत, सायकल शर्यतीचे. छातीवर पांढरी अक्षरं आणि खाली चाक, त्याच्या आऱ्या केसासारख्या बारीक. आपल्या जुन्या स्क्रीनच्या चौकटींवर सगळी जाळी जाड धाग्याची. काळ्या कापडावर पांढरी शाई एका फेरीत बसतच नाही. जाळीवरून शाईची रबरी पट्टी ओढा, सुकवा, परत ओढा, तरी राखाडीच. मग बाबा तिसऱ्यांदा सगळं अंग टाकून ओढतात. थर असा बसतो की नमुन्याचा शर्ट पाहून घडीवाल्या मावशी परवा म्हणाल्या, "हा अंगात घालून सायकल चालवायची की लढाईला जायचं?"

बाबांचा उजवा खांदा पार गेलाय. सदऱ्यात हात घालायलाही आई लागते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, असंच ओढत राहिलात तर हा हात पुन्हा वर जाणार नाही. मी पट्टी हातात घेतली की हिसकावून घेतात. "मी आहे अजून," म्हणतात.

म्हणून तुझी ती बारीक धाग्याची जाळी. दुकानदार विचारतो, इंचाला किती धागे? दीडशे की सव्वादोनशे? त्यात परत धागा जाड की बारीक? धागा बारीक असला की भोक मोठं, शाई सहज उतरते, जोर लागत नाही, एवढं तू शिकवलेलं आठवतं. पुढचं विसरले. कोणती घेऊ? किती ताणलेली?

बाबांकडे विषय काढून पाहिला. म्हणाले, "ती जाळी या दारातून आत येणार नाही. एकदा फाटली तेवढी पुरे."

त्या दिवसाचं मी काही लिहीत नाही. झालं ते झालं.

एवढंसं पत्र, पण चार वेळा उठले. एकदा नळ बंद आहे का पाहिलं, एकदा शाईचे डबे मोजले. कशाला ते माहीत नाही. लवकर कळव. शर्यत महिन्याच्या शेवटी आहे.

तुझी,
धाकटी


१३ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, चार ओळी. खुशाली नाही, की वर माझं नाव नाही.

'दीडशेची घे, बारीक धागा, आऱ्याही उतरतील.
ताण वीस न्यूटनच्या वर नको.
पट्टीचे कोपरे पॉलिश पेपरने घासून गोल कर.
टेप काढताना ब्लेड लावू नकोस.'

पहिल्या दोन ओळी दुकानदाराला सांगितल्या. तिसरी लगेच करून टाकली. चौथी वाचली, आणि परत परत वाचली.

चार दिवस झाले, मी एका जागी बसू शकत नाहीये. आई म्हणते, "पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" वाळवणीच्या मशीनपाशी जाते, काय करायला आले ते विसरते. काल दुसऱ्या कामाचे दोन शर्ट करपवले. मावशी माझ्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. मावशी बोलत नाहीत म्हणजे बघ.

तुला माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं.

मग लिहितेच. त्या सकाळी तुझी नवी स्क्रीन मी लावायला घेतली. शाई गळू नये म्हणून चाचणीच्या वेळी कडेला लावलेली टेप निघेना. तू सांगितलं होतंस की नखाने हळू काढ, पण थोड्याच वेळात आधीचा माल न्यायला माणसं येणार होती, आणि मला सगळं लवकर उरकून दाखवायचं होतं. ब्लेड लावलं. जाळीला चरा गेला, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. मी त्यावर नवी टेप चिकटवली आणि टेबल पुसायला लागले. म्हटलं, निभावेल.

चौथ्या शर्टाला जाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. शाई टेबलावर, शर्टांच्या गठ्ठ्यावर, बाबांच्या पायावर. माल न्यायला आलेल्या माणसांसमोर बाबांनी तुला काय काय ऐकवलं. "कोळ्याचं जाळं आणून लावलंस! तीस वर्षांचं नाव धुळीला मिळवलंस!" तू खाली वाकून ती टेप पाहिलीस. मग माझ्याकडे पाहिलंस. मी शर्ट गोळा करत होते. गोळा करतच राहिले.

आठ दिवसांनी तू घर सोडून गेलास.

मी मनाशी म्हणत आले की ती जाळी नाजूकच होती, आज ना उद्या फाटलीच असती. दादा, नसती फाटली. तीनशे शर्ट सहज निघाले असते. आणि बाबांनी ही दोन वर्षं त्या जाड जाळीवर खांदा झिजवला नसता. ते रोज संध्याकाळी खांद्याला मलम चोळून घेतात ना, तेव्हा मी खोलीबाहेर जाते.

तू का नाही बोललास? एक शब्द तर बोलायचास. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, पाळण्यात नव्हते.

दुकानदाराला म्हटलंय, स्क्रीन बाजूला ठेवा. आधी बाबांना सांगायला हवं. आज दोनदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. एकदा चहा विचारला, एकदा कात्री मागितली.

धाकटी


२५ सप्टेंबर

दादा,

सांगितलं.

बाबा पट्टी पुसत होते. आई दारात भाजी निवडत होती. मी एका दमात सगळं बोलून टाकलं, ब्लेड, चरा, वरची टेप. बाबांचा हात थांबला.

"केवढा होता?"

"नखाएवढा."

"मी त्याला बोलत होतो तेव्हा तू इथेच होतीस?"

"हो."

"आणि त्याला कळलं होतं?"

"हो बाबा."

त्यांनी पट्टीवरचा उरलेला डाग पुसून काढला. मग म्हणाले, "तोही गप्प, तूही गप्प. आणि मी एकटाच बडबडत होतो." पट्टी खाली ठेवून आत गेले. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. भाजी तशीच टाकून त्यांच्यामागे गेली.

दोन दिवस ते कारखान्यात आले नाहीत. त्यांनी मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. सहाशे शर्ट गठ्ठ्यात पडून होते, मी नुसती या भिंतीकडून त्या भिंतीकडे. मावशींनी शेवटी हाताला धरून बसवलं. "बस बाई. तू चाललीस म्हणून शर्ट छापले जाणार नाहीत."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा दारातूनच म्हणाले, "मागव."

स्क्रीन आल्या. दीडशेच्या, बारीक धाग्याच्या, ताण वीसला एक कमी. उजेडाकडे धरली तर पलीकडचं झाड स्पष्ट दिसत होतं. मी टेप लावली. पहिला शर्ट बाबांनीच घ्यायचा, हा हट्ट त्यांचा. सवयीने त्यांनी सगळं अंग पट्टीवर टाकलं आणि मी ओरडले, "दाबू नका! नुसती न्या!" आयुष्यात पहिल्यांदा ओरडले त्यांच्यावर. ते दचकले. मग पट्टी डाव्या हातात घेतली, उजव्याचा नुसता आधार दिला, आणि टेबल पुसावं तशी ओढली.

स्क्रीन उचलली. पांढरं म्हणजे पांढरं होतं, एका फेरीत. आऱ्या सगळ्या, एकही तुटली नव्हती. हात फिरवला तर शाई कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

मावशी टाळ्या वाजवायला लागल्या. बाबा त्या शर्टाकडे बघतही नव्हते. खांद्यावर हात ठेवून उभे होते.

"दुखलं नाही," ते म्हणाले. मग, "दोन वर्षं..." मी तिथेच होते. या वेळी बाहेर गेले नाही.

शर्ट वेळेवर गेले. अर्धे मी छापले. बाबा आता पट्टी हिसकावत नाहीत. माझ्याशी कामापुरतं बोलतात. शाई दे, उचल, ठेव. त्यापलीकडे नाही. ते त्यांनी किती दिवस ठेवावं, हे मी ठरवणार नाही. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिलेत. हात पूर्ण वर जाईल असं त्या म्हणत नाहीत. थोडा जाईल म्हणतात.

काल जेवताना बाबांनी अचानक विचारलं, "त्याला रविवारी सुट्टी असते का?" मी म्हटलं माहीत नाही. "मग विचार," म्हणाले, आणि वरणाची वाटी तोंडाला लावली.

म्हणून विचारते आहे. असते का?

मी माफी मागत नाही. मागितली तर तू 'बरं' म्हणशील आणि विषय मिटेल. इतक्या सहज मिटवू नकोस. ये आणि बाबांसमोर, आईसमोर, मावशींसमोर मला जे बोलायचं असेल ते बोल. मी मान वर करून ऐकेन.

वाट बघणारी,
तुझी गुन्हेगार बहीण