चार सेंटीमीटर

३ एप्रिल
प्लॉट घेतला. सानाएला विचारलं नाही. बायकोला विचारून जमीन घेणारे लोक वेगळे. मी एकतीस वर्षं बांधकाम कंपनीच्या नियोजन खात्यात काढली. त्यातली एकोणीस वर्षं नव्या इंजिनिअरांना जागा कशी वाचावी ते शिकवलं. उतार, ऊन, वारा, पाणी, पोच. पाच बोटं, पाच गोष्टी. (पोचेचं लेक्चर ज्युनिअर घ्यायचा. रस्त्यापासून आत जायची वाट मोजायला काय अक्कल लागते?)
दलाल मूर्ख आहे. तोकुशिमा शहरात, नदीच्या इतक्या जवळ, आणि आजूबाजूच्या निम्म्या भावात! वर माझ्यापुढे कागद वाचायला बसला. पानंच्या पानं. हात वर करून थांबवलं. म्हटलं, असले कागद लिहिणाऱ्यांना मी शिकवलंय, सहीचा शिक्का कुठे मारायचा तेवढं दाखवा. चेहरा पडला त्याचा.

४ एप्रिल
सकाळी सानाएला सांगितलं. मग एकच प्रश्न : "माझ्या रांजणांना जागा आहे ना?" ती निळीनं कापड रंगवते. भाड्याची शेड नोव्हेंबरअखेर पाडणार आहेत. म्हटलं, नोव्हेंबरात तुझे रांजण आपल्या घरात असतील. शब्द दिला. ती म्हणाली, "तुमचा शब्द म्हणजे..." आणि भात वाढायला उठली. संताप झाला. वाक्य सुरू केलं की पुरं करावं माणसानं.

२६ एप्रिल
जागेचा अभ्यास पूर्ण. बेचाळीस पानं, सात नकाशे. वाऱ्याची दिशा, पावसाचं पाणी, प्रत्येक महिन्याचं ऊन. दक्षिणेकडे माझी अभ्यासिका. उत्तरेच्या कोपऱ्यात रंगकाम. सानाए म्हणाली, "अहो, रांजणात आंबवलेली नीळ जिवंत असते. गारठली की मरते. मला दक्षिण द्या." म्हटलं, दक्षिण चिंतनासाठी आहे. तिनं विचारलं, कसलं चिंतन? पान नऊ उघडून दिलं. तिथं सगळं लिहिलंय, वाचायला नको.

६ मे
शेजारीण : ओतोवाबाई, वय एकोणऐंशी, एकटी राहते. तिच्या पर्सिमनच्या झाडाची सावली डिसेंबरात माझ्या टेबलावर बावीस मिनिटं पडणार. अक्षम्य. आकृतीसह पत्र टाकलं, फांद्या छाटा म्हणून. नेमकी आजच सानाए तिच्याकडे टॉवेल घेऊन गेली होती, नव्या शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यायची रीत म्हणून. घर बांधायच्या आधी कसली ओळख?

९ मे
पत्र परत आलं. लाल शाईनं. "सूर्याचा कोन चुकला आहे. बावीस नव्हे, चौदा मिनिटं. पुन्हा करा." बाई गणित शिकवायच्या, असं सानाए सांगते. सांगताना हसत होती. ताप आल्यासारखं वाटतंय.
रात्री पुन्हा करून पाहिलं. चौदा. पण मुद्दा तो नाहीच.

१८ जून
आज मोजणीदार आला. मिझोबुची. शर्टाला घामाचे डाग, तोंडात गोळी. आमची जागा झेंड्यासारखी आहे. आत चौकोन, आणि रस्त्यापर्यंत काठीसारखी अरुंद वाट. त्यानं वाटेच्या तोंडाशी टेप धरली, परत धरली, गोळी गिळली आणि म्हणाला, "साहेब, पोच नाही."
मला वाटलं मला म्हणतोय. चांगलाच झाडला. तो बिचारा टेप दाखवत राहिला. जागा रस्त्याला दोन मीटर भिडली नाही तर घर बांधायची परवानगी मिळत नाही. आमची भिडते एक मीटर शहाण्णव.
म्हटलं, टेप खराब आहे.

१९ जून
माझ्या टेपनं : १.९६.
दुपारी, उन्हात : १.९६.
नवी टेप आणली : १.९५५. दुकानदाराशी भांडलो.

२५ जून
महापालिकेच्या खिडकीवर जेमतेम पंचविशीची मुलगी. म्हणाली, बांधता येणार नाही. म्हटलं, चार सेंटीमीटरसाठी? माझी बोटं याहून जाड आहेत! मी एकोणीस वर्षं हा विषय शिकवलाय! ती वाकून म्हणाली, "मग तर सरांना नियम ठाऊकच असेल." वाकून अपमान करायचं कुठे शिकवतात यांना?

२ जुलै
दलालाचे कागद काढले. पान चार. "या जागेवर नवीन बांधकाम करता येणार नाही." खाली माझा शिक्का. फसवणूक आहे ही! इतक्या बारीक अक्षरात कोणी लिहितं?
(अक्षर ठळक आहे. पण कागद पिवळट आहे.)
सानाएला अजून सांगितलेलं नाही. आधी तोडगा, मग बातमी. ही पद्धत असते.

१० जुलै
तोडगा : ओतोवाबाईंकडून चार सेंटीमीटरची पट्टी घ्यायची. खरबूज घेऊन गेलो. विषय काढला. बाई म्हणाल्या, "आणि त्या पट्टीवर माझ्या झाडाची सावली पडली तर? तुमचं पत्र येईल परत." दार लावलं. खरबूज आत गेलं.
घरी आलो तर सानाए शांतपणे शेवया खात होती. म्हणाली, "ओतोवाबाईंनी सांगितलं मला. मागच्याच महिन्यात. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगता त्याची." आणि पुढचा घास घेतला. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं.

२८ जुलै
ठरलं. आता गय नाही. वाटेलगतची बाईंची भिंत माझ्या हद्दीत घुसलेली असणार. जुन्या भिंती घुसतातच. हद्द तपासायचा अर्ज दिला. मिझोबुची म्हणाला, "साहेब, नका खणू. आहे ते बरं आहे." घाबरट.

२१ ऑगस्ट
खणलं. दोन्ही बाजूंचे लोक हजर, तशीच रीत आहे. हद्दीचा दगड सापडला.
भिंतीच्या अलीकडे. माझ्या बाजूला. तीन सेंटीमीटर आत.
भिंत घुसली नव्हती, मागे सरली होती. बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी मुद्दाम आत बांधली होती. तुमच्या जागेवरच्या जुन्या भाडेकरूची हातगाडी अडकायची." म्हणजे माझी वाट १.९३. आता सात लागतात. मिझोबुची वहीत लिहिताना माझ्याकडे बघत नव्हता. बघायला हवं होतं. मी काही बोललो असतो.

१६ सप्टेंबर
सानाए रोज दुपारी गायब. विचारलं तर म्हणते, ओतोवाबाईंकडे. त्यांचं मागचं कोठार रिकामं आहे, दक्षिणेकडे तोंड करून. शत्रूच्या गोटात माझी बायको! म्हटलं, निवड कर. ती म्हणाली, "केली. नोव्हेंबर संपायला अडीच महिने उरलेत, अहो."

३ ऑक्टोबर
सानाएनं शब्द टाकला. बाई सात सेंटीमीटर द्यायला तयार आहेत! अट एकच, मी स्वतः जाऊन माफी मागायची. हरकत नाही. माफी हाही एक मसुदाच. तीन पानं लिहिली. प्रस्तावना, दोन्ही बाजूंच्या चुका, निष्कर्ष.

५ ऑक्टोबर
वाचून दाखवली. दुसऱ्या पानावर, "आपल्या वयामुळे झालेला गैरसमज" इथं बाईंनी थांबवलं. लाल पेन काढलं. शेवटी अख्ख्या तीन पानांत एक शब्द उरला : "मी". म्हणाल्या, "हा तुम्ही स्वतः काढला असतात तर पट्टीच्या कागदावर सही केली असती."
सानाए बाहेर उभी होती. "झालं का?" म्हणाली. म्हटलं, बाई हट्टी आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचं सगळं विसरलो. घरापर्यंत ती पुढे, मी मागे. चिडलोय. कोणावर ते अजून ठरलं नाही.

२३ नोव्हेंबर
शेड पाडली. रांजण ओतोवाबाईंच्या कोठारात गेले. चार माणसं उचलत होती, मी वळवायचे कोन सांगत होतो. त्यांनी न ऐकता नेले, एकाला तडा नाही. सानाए प्रत्येक रांजणाला चादर गुंडाळत होती, तान्ह्या पोराला गुंडाळावं तशी. एकाचं झाकण काढून वास घेतला आणि म्हणाली, "जगली." डोळ्यांत पाणी. मी तिथंच होतो. मला कोणी काही विचारलं नाही.
नोव्हेंबरात रांजण जागेवर पोचले, हे नोंदवून ठेवतो. शब्द दिला होता.

१२ डिसेंबर
प्लॉट विकला. ज्या जागेवर घर होत नाही ती शेजाऱ्याशिवाय कोण घेणार? ओतोवाबाईंनी घेतली, सानाएचं कापड वाळत घालायला. या वेळी दलालानं कागद वाचला तेव्हा मी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकला. बाईही ऐकत होत्या, पेन उघडून. दुरुस्ती निघाली नाही.
दुपारी तिघं जागेवर. वारा बेताचा, ऊन भरपूर. खांब किती अंतरावर रोवायचे यावर मी बोलायला सुरुवात केली. सानाए म्हणाली, "अहो, जरा इथं उभे राहा. हात पसरा." ओलं निळं कापड माझ्या दोन्ही हातांवर टाकलं, लांबी बघायला. गार पाणी बाह्यांत शिरलं. बाई लांबून म्हणाल्या, "थोडं डावीकडे घे गं त्यांना."
माझ्या मते उजवीकडेच बरोबर होतं.
डावीकडे सरकलो.