टोलनाक्यापलीकडचं कार्ड

शुक्रवार, ५ डिसेंबर
आमचा क्षितिज परवा निघणार. निघोजेची त्याची कंपनी मशीनच्या ट्रेनिंगला परदेशी पाठवतेय. देशाचं नाव सुरक्षेच्या कारणास्तव इथेही लिहीत नाही. पुढच्या शुक्रवारी पोरं तिथल्या समुद्रकाठच्या लाइट फेस्टिव्हलला जाणार. प्रचंड गर्दी, त्यात सरकार कडक. जास्त बोलणाऱ्याला उचलतात म्हणे. अरुंधती म्हणते, त्याला कळतं सगळं, तुम्ही मधे पडू नका. आईची माया आंधळी. सेफ्टीचं मलाच बघावं लागणार.

सुदैवाने मी नुसता चाकणचा स्टोअर-कीपर नाही. अखिल विश्व मानवी हक्क दक्षता महासंघाचा शहर उपाध्यक्ष आहे. गाडीला लाल पाटी आहे. ती लावल्यापासून नाशिक फाट्याला कुणी अडवलेलं नाही. एकदा अडवलं होतं, पण तो हवालदार नवीन होता.

शनिवार, ६ डिसेंबर
उद्धवरावांकडे गेलो. महासंघाचे संस्थापक अध्यक्ष, चिंचवडला झेरॉक्सचं दुकान. क्षितिजच्या नावाने कार्ड करून घेतलं. मी 'युवा संघटक' सुचवलं. ते म्हणाले, भावा, पोरगं फॉरेनला चाललंय, जरा वजनदार टाकू. 'इंटरनॅशनल ऑब्झर्व्हर' ठरलं. वर लांबून सरकारी वाटेल असं चिन्ह.

चौकात फ्लेक्सही लावला. क्षितिजचा गॉगलवाला फोटो, परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा. क्षितिज म्हणाला, बाबा, हात जोडतो, काढा तो. लाजाळू आहे.

रविवार, ७ डिसेंबर
एअरपोर्टला सोडलं. कार्ड नको म्हणाला. म्हणून न सांगता त्याच्या पाकिटात आधार कार्डामागे सरकवलं. अरुंधतीने डिंकाचे लाडू दिलेत. लाडवांनी सेफ्टी होत नसते.

बुधवार, १० डिसेंबर
मानवी हक्क दिन. महासंघाच्या कार्यक्रमात माझं भाषण: मानवी हक्क आणि मुत्सद्देगिरी. थोडक्यात मुद्दा असा की आरडाओरडा करायचा नाही, ओळख दाखवायची. टाळ्या. माझ्यापर्यंत वडापाव पोचलाच नाही.

क्षितिजला फ्लेक्सचा फोटो पाठवला. उत्तर नाही. बिझी असेल.

शनिवार, १३ डिसेंबर, सकाळी
क्षितिजचा फोन बंद. त्याच्यासोबत गेलेल्या गणराजचा फोन आला. काल फेस्टिव्हलच्या गेटवर झडतीत क्षितिजला बाजूला घेतलं, मग गाडीत बसवून नेलं. कारण सांगितलं नाही.

घाबरायचं कारण नाही. पाकिटात कार्ड आहे. ते दिसलं की सोडतील.

दुपारी
परत गणराज. कार्ड दिसलं म्हणूनच नेलंय. विचारतायत, कशाचं निरीक्षण करायला आलास, कुणी पाठवलं. मोबाइलमध्ये फ्लेक्सचा फोटो सापडला. त्यावर त्याचं पद ठळक इंग्रजीत आहे. मीच सांगितलं होतं ठळक करा.

अरुंधतीला अजून बोललो नाही. योग्य वेळ बघतोय.

संध्याकाळी
गणराजने अरुंधतीलाही फोन केला. तिने कंपनीच्या एचआरमधल्या स्वरूपा मॅडमना फोन लावला, तिथल्या आपल्या वकिलातीचा नंबर मिळवला, पासपोर्टची कॉपी पाठवली. तोवर मी मुत्सद्देगिरी सुरू केली. महासंघाच्या लेटरहेडवर तीव्र निषेध. सहीसाठी उद्धवरावांना फोन केला. ते म्हणाले, राव, आपली संघटना टोलनाक्यापर्यंतच हाय, त्याच्या पुढं न्हाई. नंतर त्यांचा फोन लागेना.

पत्र अरुंधतीने फाडलं. म्हणाली, त्याच कागदावरचं तेच चिन्ह परत त्यांना दाखवणार? तुम्हाला मुलगा हवाय की पद? काय प्रश्न आहे हा. जेवलो नाही. भीती वाटते.

रविवार, १४ डिसेंबर
वकिलातीतल्या बाईंनी फोन जोडून दिला. तिकडचा अधिकारी शांतपणे इंग्रजीत बोलत होता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने माझं पद विचारलं. सवयीने तोंडातून निघालं, आय अ‍ॅम इंटरनॅशनल... मागून क्षितिजचा आवाज आला. बाबा, खरं सांगा. घसा बसला होता त्याचा.

मग सांगितलं. संघटना म्हणजे एक झेरॉक्सचं दुकान आहे. कार्ड मी लपवून ठेवलं, मुलाला माहीतही नव्हतं. मी चाकणला नट-बोल्ट देतो-घेतो. पाटी ट्रॅफिक पोलिसांसाठी आहे. मग तुम्ही नक्की कोण, असं त्याने पुन्हा विचारलं. म्हटलं, नोबडी सर. ओन्ली फादर.

तिकडे कुणीतरी हसलं. आयुष्यात कुणी माझ्यावर हसल्याचा इतका आनंद झाला नव्हता.

बुधवार, १७ डिसेंबर
क्षितिज आला. ट्रेनिंग अर्धवट सोडायला लावून परत पाठवलं. वाळलाय. लाडवांचा डबा तसाच परत आलाय. अरुंधती गाडीत मागे त्याचा हात धरून बसली. संयमी मुत्सद्देगिरीचा विजय, असं आज लिहायचं ठरवलं होतं.

नाशिक फाट्याला हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली. या गडबडीत पाटी काढायची राहिलीच होती. त्याने विचारलं, ही कसली पाटी, कोण तुम्ही? हात खिशातल्या माझ्या कार्डाकडे गेला. आरशात क्षितिज बघत होता. हात परत स्टिअरिंगवर ठेवला आणि म्हटलं, याचा बाप.

हवालदार म्हणाला, ते असू दे काका, आधी पाटी काढा.

पुढच्या कप्प्यातला स्क्रू-ड्रायव्हर मला सापडेना. क्षितिज मागून उतरला आणि पुढचं दार उघडून त्याने तो काढून दिला.