रस्त्यापलीकडचा तंबू

आई, आज इथे धारला नातीला देवी टोचायला नेलं होतं. रांगेतली एक बाई डॉक्टरच्या टेबलापर्यंत गेली आणि पदर ओढून मागे सरली. ती पाठ तुझी होती. आता मी तुझ्या दुप्पट वयाची आहे, तरी तू अशी कुठेही दिसतेस, आणि नेहमी पाठमोरीच.

देवासात प्लेग आला तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. कोठीत मेलेले उंदीर सापडू लागले, निम्मी गल्ली गावाबाहेर झोपड्यांत गेली. एकाच गावात दोन राजांच्या दोन पात्या; आपलं घर धाकट्या पातीत. रस्त्यापलीकडे, थोरल्या पातीच्या हद्दीत, प्लेगची लस टोचायचा तंबू लागला. तुला टोचून घ्यायचं होतं. इंदूरचा मामा टोचल्यामुळेच वाचला, असं तू चुलीपाशी सगळ्यांना सांगायचीस. नानांची बहीण, माझी आत्या, म्हणायची, "त्या सुईनं बायकांची कूस जाते. आणि परक्या पुरुषापुढे दंड उघडा करायचा? आपल्यातली गेली आहे का कुणी?" नाना कचेरीतून आल्यावर पागोटं काढता काढता म्हणाले, "माझी ना नाही. पण सरदारांकडच्या बायका आधी जाऊ देत, मग आपण." तू पोळी लाटत राहिलीस. "माझ्या हातात आहे तरी काय," एवढंच पुटपुटलीस.

पण दूध घालणारी गवळण टोचून आली, तापातून उठून पुन्हा दारात उभी राहिली. "चालो बाईसाब, म्हूं साथे चालूं," म्हणाली. नाना कचेरीत, आत्या देवळात. तू माझा हात धरून निघालीस. इतकं भरभर चालताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं. मी मागे पडत होते आणि तू हसत होतीस. तंबूत आधी मला पुढे केलंस. मी किंचाळले, तू माझा दंड चोळलास. मग तू चोळीची बाही वर सारलीस. तेवढ्यात तंबूच्या तोंडाशी नानांच्या कचेरीतले दोघे कारकून येऊन थांबले. नुसते पाहत राहिले. तुझी बाही खाली आली. "उद्या येईन," तू डॉक्टरला म्हणालीस.

"अबी लगवई लो, बाईसाब," गवळण कळवळून म्हणाली.

"उद्या," तू म्हणालीस आणि वळलीस.

दुसऱ्या दिवशी मला ताप आलेला पाहून आत्यानं घर डोक्यावर घेतलं. तू माझ्या उशाशी बसून राहिलीस, तंबूकडे गेली नाहीस. मी उठले आणि तू पडलीस. काखेतली गाठ तूच आधी चाचपलीस, आणि मला खोलीबाहेर जायला सांगितलंस.

तुझे दिवस झाल्यावर सर्वांत आधी आत्या टोचून आली. मग गल्लीतल्या बायका घोळक्यानं गेल्या, सरदारांकडच्याही. कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत. ते दोघे कारकून भेटायला आले होते, नानांशेजारी मान खाली घालून बसले. वाईट माणसं नव्हती ती. त्या दुपारी ते दुसऱ्या रस्त्यानं गेले असते तर, इथवर येऊन माझं मन थांबतं.

हे पत्र टाकायचं नाही. टाकणार तरी कुठे? फक्त एक सांगते. आईनं टोचून घेतलं नव्हतं का, असं कुणी विचारलं की मी म्हणते, तिची पाळी आली तेव्हा लस संपली होती.

लस भरपूर होती, आई.