मंडळीच्या खोलीतली खाट

बा, आपली बोली मला लिहिता येत नाही. चार इयत्तांत जेवढी मराठी शिकलो तेवढीत लिहितो. सुरत झाली, मुंबईची गोदी झाली, आता भुसावळला इंजिनात कोळसा भरतो. "ह्याचं बूड कुठं टेकतच नाही," म्हणायचास. अजून तसंच आहे.

आपल्या येशूच्या मंडळीनं देवळाशेजारी उतरायची खोली बांधली, तो उन्हाळा डोळ्यांपुढून जात नाही. डोंगरातल्या पाड्यांवरची माणसं शनिवारीच उपासनेला येत, आजारी पोरंबाळं घेऊन भुईवर निजत. म्हणून तू गाडी जुंपून दारोदार जुनी बाकं, खाटा मागायला निघालास. मी मागं बसलेला, मान खाली. विसरवाडीचा दुकानदार गादीवरून हसतोय, बाजारच्या बोलीत म्हणतोय, "देव तं नवा कया तुन्ही, मंग खाट जुनी काब मांगस रे?" देव नवा केला, मग खाट जुनी कशाला, असं त्याचं. तूही हसलास, त्याच्याच बोलीत म्हणालास, "देवले खाट नही लागस, शेठ. मानसेस्ले लागस." त्यानं मोडक्या पायाचं एक बाक दिलं. ते गाडीत चढवताना मी तुझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तुझा मुलगा दिसायची लाज वाटत होती.

खाट मात्र कुणी दिली नाही. मग तू आईची काढलीस. होळीनंतर आई तिच्यावरच गेली होती. आपल्याकडं अशी खाट मसणात नेऊन पाय वर करून टाकतात, तू टाकली नव्हतीस. राखेनं घासलीस, अंबाडीचा नवा दोर विणलास, खोलीत मांडलीस. रविवारी उपासना सुटली, सगळे दाराशी उभे, आत कुणी येईना. "बस रे," तू मला म्हणालास. तिचं पोर बसलं की बाकीचे बसणार, हे तुलाही ठाऊक होतं, मलाही. मी म्हणालो, "सदरा धुतलेला आहे, मळेल." नव्या दोरावर, बा! मागून एक म्हातारी बोललीच, "पोटचं पोर बसत नाही, मग आपण कशाला?" त्या रात्री तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन एक बाई खाटेला लागूनच भुईवर निजली.

पुढं तूच तिथं निजू लागलास, लोकांची भीती मोडावी म्हणून. हिवाळ्यात हिवतापानं तिच्यावरच गेलास. जायच्या आधी माझा हात धरून म्हणालास, "ही टाकू नको. मंडळीला राहू दे." मी हो म्हणालो. गाव म्हणालं, खाटेनं दुसरा नेला. तुला पुरून आल्यावर ती मसणात उलटी करायला पहिला हात माझाच लागला.

इथं बाजारातून मी जुनी खाट घेतली. कुणाची होती, तिच्यावर कोण गेलं, काही विचारलं नाही. कामावरून येतो, पडतो, झोपही लागते. हा कागद टपालात टाकायचा नाही, घडी करून ह्याच खाटेच्या दोरात खोचून ठेवीन. बा, तो मी तिच्यावर बसूनच लिहिला.