बापू शाहिरांच्या डफाबाबत

मी, प्रल्हाद गजानन देवस्थळी, वय सत्तर, राहणार ट्रॉय, मिशिगन, शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आहे ते शरमेचं, आणि त्याच्यासकट हे मृत्युपत्र लिहितो.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी मीनाक्षीला. सुतारकामाची हत्यारं शेजारच्या रवीला. तो ती पुसून जागेवर ठेवतो. मेव्हणा प्रताप याला काही नाही. आमच्या संग्रहालयाला तो चारचौघांत भंगार म्हणाला होता.

२. हे संग्रहालय पणजोबा त्र्यंबकराव, त्या वेळचे मामलेदार, यांनी १८८९ साली साताऱ्याला राहत्या घरात सुरू केलं. लेखक-कवींच्या दौती, बोरू, चष्मे, पगड्या. घरच्यांनीच ते सांभाळलं. मी इथे बेसमेंटमध्ये आणून मांडलं. ते सर्व मुलगा सत्यजित याला. डफ सोडून.

३. डफ शाहीर बापू सोनटक्के यांचा. दुष्काळातही शेतसारा वसूल केला म्हणून त्यांनी पणजोबांवर कवन रचलं. पणजोबांनी भर बाजारात डफ हिसकावला, शाहिरांना कोठडीत टाकलं आणि पुढे डफाखाली पाटी लावली, ‘सप्रेम भेट’. आमच्याकडे पंगतीत हा किस्सा हसत सांगायचे.

गेल्या दिवाळीत इथल्या मराठी मंडळाची माणसं संग्रहालय बघायला आली. सत्यजितने किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले. पार्सिपनीहून आलेली कादंबरी नावाची मुलगी तेवढी हसली नाही.

“काका, ते शाहीर माझे खापरपणजोबा. एकदा हातात घेऊ?”

“ॲक्च्युअली, टच नाही करता येत,” सत्यजित म्हणाला.

तिने हात मागे घेतला. “सॉरी,” म्हणाली.

सॉरी तिने म्हणावं! मला मान वर करवेना.

मी कपाट उघडलं. तिने डफ उचलून छातीशी धरला.

“घेऊन जा, बाळ.”

“भेट म्हणून नको, काका. आमचा होता, असं लिहून द्या.”

सत्यजित म्हणतो, “बाबा, घराण्याचं नाव खराब होईल.” होऊ दे.

४. म्हणून लिहून देतो. डफ लुटलेला होता. तो माझ्या मालमत्तेत धरू नये. मी तो कोणाला देत नाही. आज तो ज्यांचा त्यांच्याकडे परत गेला. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये. कादंबरीला माझ्याकडून काहीही मिळत नाही. म्हणून तिची सही चालते.

ट्रॉय, ९ जून २००७

(सही) प्रल्हाद गजानन देवस्थळी

आमच्यासमक्ष सही केली:
संजीव केळुसकर, ट्रॉय
कादंबरी सोनटक्के, पार्सिपनी; शाहीर बापूंची खापरपणती