पाण्याच्या खटल्यात आपल्या जागी बसल्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग.

विषय: गल्लीतील जाहीर खटल्यात आरोपीच्या खुर्चीत आपण स्वतः बसण्याबाबत.
संदर्भ: गढूळ पाण्याबाबत अर्जदाराने पूर्वी दिलेली तक्रार.

महोदय,

अर्जदार पडदे शिवण्याचे काम करतो. आमच्या गल्लीत नळाला गटारमिश्रित पाणी येते व त्यापायी शेजारच्या शिक्षिकाबाईंची मुलगी काविळीने अंथरुणाला खिळली आहे. कुठेच दाद लागेना, म्हणून काही चित्रकार-नाटकवाल्या मंडळींनी शाळेच्या सभागृहात आपल्यावर जाहीर खटला भरला. आपणांस निमंत्रण होते. आपण आला नाहीत. तेव्हा अर्जदाराचे पोट व चष्मा पाहून दिग्दर्शिकाबाईंनी त्यास आपणांऐवजी आरोपीच्या खुर्चीत बसवले.

अर्जदारास नाटकाची हौस जुनी, संधी मात्र पहिलीच. त्यामुळे त्याने विभागाची बाजू जीव ओतून मांडली, हे नमूद करण्यास लाज वाटते. पाणी शुद्ध आहे, दोष रहिवाशांच्या टाक्यांत आहे आणि या गल्लीतून एकही तक्रार आलेली नाही, असे त्याने ठणकावून सांगितले. त्यावर प्रेक्षकांतून अर्जदाराची पत्नी उठली. "अहो, तक्रार तुम्हीच तर लिहिली होतीत. ही पोच," ती म्हणाली. अर्जदाराने चष्मा पुसून पोच पाहिली व ती बनावट असल्याचे जाहीर केले. भूमिका अंगात भिनली होती, याखेरीज खुलासा नाही.

हात वर करून मतदान झाले. 'दोषी' म्हणून अर्जदाराचाही हात वर गेला. नळाचे पेलाभर पाणी सर्वांसमक्ष पिण्याची शिक्षा झाली. पेल्यात उकळलेले पाणी असेल असे आधी ठरले होते. पेला पत्नीने भरला. त्यानंतर काही दिवस अर्जदार दवाखान्यात होता.

हल्ली दूधवाला अर्जदारास 'साहेब' म्हणतो आणि नळाचे काय झाले ते विचारतो. तेही चालले असते. परंतु शिक्षिकाबाई दवाखान्यात भेटायला आल्या व म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही इतकं छान बोललात, की मला घटकाभर वाटलं, माझ्याच टाकीनं माझी पोर आजारी पाडली." तेव्हापासून अर्जदाराचे शिवणकामात लक्ष नाही.

पाणी अजूनही गढूळच असल्याने पुढील सुनावणी येत्या रविवारी आहे. कृपया आपण जातीने यावे. न आल्यास अर्जदारच पुन्हा त्या खुर्चीत बसेल. मात्र या खेपेस आपल्या वतीने सर्व आरोप कबूल करण्यात येतील व शिक्षिकाबाईंच्या मुलीची, तिच्या अंथरुणाशी जाऊन, आपल्या पदनामासह माफी मागण्यात येईल.

हरकत असल्यास लेखी कळवावे.

आपल्या वतीने एकदा दोषी ठरलेला, नम्र

(सही)
पडदेवाला, मागची गल्ली
दिनांक: सुनावणीपूर्वीचा गुरुवार